जीभ कशी आवरावी? (उपासनेनंतरच्या चहासाठी मार्गदर्शिका)

याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात घोड्याचा लगाम, तारवाचे सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी असे दाखले देऊन जिभेची ताकद सांगितली. पशुपक्षी माणसाने वश केले, जीभ मात्र कुणालाच वश होत नाही, असा शेराही मारला. आमच्या मंडळीत जीभ अगदी वश आहे. शेवटच्या आशीर्वादापर्यंत ती हूं की चूं करत नाही. प्रश्न आहे तो आशीर्वादानंतरचा.

फार जणांनी शिक्षक होऊ नये, असा इशाराही याच अध्यायाच्या सुरुवातीला आहे. तो वाचूनच मी ही मार्गदर्शिका लिहायला घेतली. बाकीच्यांनी लिहू नये.

साहित्य: चर्चच्या आवारातले लिंबाचे झाड, कागदी पेल्यातला चहा आणि गैरहजर असलेला एक सभासद. सोयीसाठी आपण पेटीवाले मामा घेऊ. ते तीन रविवार आलेले नाहीत.

1. निंदा करू नये, ओझे वाटून घ्यावे. "मामांची काहीतरी भानगड आहे," ही चहाडी. "मामांसाठी प्रार्थना करा हं, जास्त विचारू नका," ही प्रार्थनेची विनंती. 'जास्त विचारू नका' हे शब्द आवाज उतरवून म्हणावेत, म्हणजे समोरचा खुर्ची जवळ ओढतो. तपशील मागितल्यास 'नेमकी प्रार्थना करता यावी' एवढ्याच हेतूने द्यावा.

2. वाक्य पूर्ण करू नये. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस, ही नगरच्या प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत नववी आज्ञा, वसईच्या कॅथलिकांच्या मोजणीत आठवी. कितवीही असो, मोडायची नाही. म्हणून, "मामा परवा स्टँडजवळ... जाऊ दे," एवढेच म्हणावे. यात खोटे काय आहे? गाळलेली जागा ऐकणाऱ्याने भरली तर ते पाप त्याच्या खात्यावर. भुवई उंचावण्याबद्दल तर दहाही आज्ञा गप्प आहेत.

3. तोंडावर पहारेकरी नेमावा. 141व्या स्तोत्रात दाविदाने देवाकडे तशी मागणी केली आहे. मीही केली. पहारेकरी मिळाला, पण तो आमच्याच मंडळीतला निघाला. शब्द ओठांशी आला की अडवतो आणि हळूच विचारतो, "मग पुढे काय झालं?"

4. हिशेब ठेवावा. प्रत्येक व्यर्थ शब्दाचा न्यायाच्या दिवशी हिशेब द्यावा लागेल, असे येशूने मत्तयाच्या 12व्या अध्यायात बजावले आहे. एका रविवारी मी वही घेऊन बसलो. चहा संपायच्या आत वही संपली. जमेच्या बाजूला एक 'आमेन' होते, तेही सवयीने म्हटलेले.

5. पुरुषांनी निर्धास्त राहू नये. गणना या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात मिर्याम आणि अहरोन दोघेही मोशेच्या कूशी बायकोवरून त्याच्याविरुद्ध बोलले. कोड मात्र एकट्या मिर्यामला फुटले. त्यावरून चहाड्या हे महिला मंडळाचे खाते, असा निष्कर्ष आमचे वडीलजन काढतात आणि झाडाखाली उभे राहून एकमेकांना पटवतात, नावानिशी. पुढची ओळ कुणी वाचत नाही. मिर्याम सात दिवस छावणीबाहेर राहिली आणि तोवर अख्खी छावणी जागची हलली नाही. बोलले दोघे, थांबले सगळे.

इथवरच्या उपायांचा गुण असा आला. पहिल्या रविवारी मामा 'जरा नाराज' होते. दुसऱ्या रविवारी ते 'दुसऱ्या मंडळीत गेले'. तिसऱ्या रविवारी त्यांच्या हातात बाटली आली. प्रत्येक टप्प्यावर प्रार्थना मात्र मनापासून झाली.

6. शेवटचा उपाय (सहसा वापरू नये). भावाचे चुकले असे वाटले तर एकट्याने त्याच्याकडे जाऊन त्यालाच बोलावे, असे मत्तयाचा 18वा अध्याय सांगतो. यात ना चहा, ना श्रोते. म्हणून हा उपाय फारसा चालत नाही. केवळ मार्गदर्शिका अपुरी राहू नये म्हणून काल मी मामांच्या घरी गेलो.

मामा काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते. मोतीबिंदू. दोन्ही डोळे, लागोपाठ.

"जय ख्रिस्त, मामा."

"कोण? ये, बस बाळा." त्यांनी चाचपडत माझा हात धरला. "मंडळी तीन रविवार माझ्यासाठी प्रार्थना करतेय म्हणे. कुणाला त्रास नको म्हणून आम्ही ऑपरेशनचं कुठं बोललोच नव्हतो. तुम्हाला कळलं तरी कसं?"

याकोब काहीही म्हणो, त्या क्षणी माझी जीभ पुरती वश झाली.