ओढ्याला भिंत घालणाऱ्या साहेबांस

मा. अभियंतासाहेब,

पुण्याच्या आंबिल ओढ्याला आपण जागोजागी काँक्रीटच्या भिंती घातल्यात, त्याबद्दल अभिनंदन. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री हा ओढा वस्त्यांत शिरला. पुणे शहर आणि परिसरात 20 हून अधिक माणसे गेली. अशा उनाड पाण्याला कोंडायलाच हवे. फक्त हा उनाडपणा त्याला कोणी शिकवला, याची चौकशी काठावर उभे राहून होत नाही. त्यासाठी ओढा जिथून येतो त्या कात्रजच्या डोंगरउतारांवर जावे लागते, आणि तिथवर आपले टेंडर पोचत नाही.

त्या उतारांवर मातीचा थर पातळ, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. ती माती गवत-झुडपांनी धरून ठेवलेली असते. पाऊस पडला की पाणी गवतात अडखळते, काही मुरते, बाकीचे रेंगाळत उतरते. मुरलेले पाणी पुढे हळूहळू झिरपते आणि पाऊस गेल्यावर ओढा त्याच्यावरच जगतो. उतार पोकलेनने कापून त्यावर रस्ते, पेव्हर ब्लॉक आणि पत्रे चढवले की मुरायचे पाणीही धावत सुटते आणि उघडा पडलेला मुरूम सोबत आणते. हा गाळ तळाच्या गोट्यांमधल्या फटी बुजवतो. चतुरांच्या अळ्या, खेकडे, लहान मासे यांचा आसरा त्या फटींतच असतो. वरून झिरपा आटला की पात्रात सांडपाणी तेवढे उरते, आणि सांडपाण्याला भिंत घालायला कोणाची हरकत नसते. भिंतींतून सुटलेले पाणी मात्र आणखी वेगाने खालच्या वस्तीवर जाते.

आपण म्हणाल, त्या रात्रीचा पाऊसच तसा होता. सप्टेंबरअखेर भिजून चिंब झालेली माती आणखी किती पिणार? कबूल. पण माती प्यायची थांबली तरी गवत पाण्याला अडवायचे थांबत नाही. पाणी किती पडणार हे ढगावर, ते किती वेळात खाली येणार हे जमिनीवर. आणि झोपलेल्या माणसाला उठून पळायला तोच वेळ लागतो. शहराला घरे हवीत, हेही मान्य. पण 1:5 हून तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम काय शोभेसाठी केला? डोंगराचा देखावा विकत घेणार वरचे आणि लोंढा घरात घेणार खालचे! याला नैसर्गिक आपत्ती म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे.

तरी साहेब, सगळा राग तुमच्यावर काढणे बरे नाही. डोंगरावरचा नकाशा दुसऱ्याच टेबलावर मंजूर होतो, वरची अनधिकृत बांधकामे तिसऱ्याच टेबलाला दिसत नाहीत, आणि पूर आला की खुलासा तुमच्याकडे मागतात. म्हणून एवढेच करा: पुढच्या भिंतीची फाइल समोर आली की तिच्यावर शेरा मारा, ‘वरच्या उतारांची पाहणी होईपर्यंत काम स्थगित.’ त्या शेऱ्यावर सही करायला बजेट लागत नाही.

कळावे.