अठरा मिलिमीटरचं भोक

कोपऱ्यावरच्या गाडीवाल्यानं यंदा द्राक्षांच्या ढिगात एक पुठ्ठा खोचला आहे. त्यावर लाल स्केचपेननं लिहिलंय, 'एक्स्पोर्ट क्वालिटी'. आता ज्या मालाला एक्स्पोर्टची क्वालिटी आहे, तो खरं तर एक्स्पोर्ट व्हायला हवा. तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी, गटाराच्या झाकणाशेजारी, अर्ध्या किलोनं विकला जात असेल तर एक तर क्वालिटीत काही तरी खोट आहे किंवा आमची गल्ली परदेशात आहे. गल्ली परदेशात नाही, याची खात्री मी रोज पाय मुरगाळून करून घेतो.

पण पुठ्ठा काम करतो. स्कूटर थांबतात. बनियन असो, काजू असो, नाही तर फरशी पुसायचा कपडा; दुकानदार कानाशी येऊन "बाहेर जाणारा माल आहे" एवढं म्हणाला, की आपण हरखतो. बाहेर जाणारा माल आपल्याला मिळाला! का मिळाला, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं, कारण माझ्या खिशात पट्टी होती.

पट्टीचं सांगायला हवं. निफाड तालुक्यात माझ्या मावसभावाची, अण्णाची, साडेतीन एकर बाग आहे. गेल्या हंगामात मी ही पट्टी त्याच्या ओसरीवरून उचलली. वीतभर लांब, पांढऱ्या प्लास्टिकची, तिला गोल भोकं पाच: १४, १६, १८, २०, २२. मिलिमीटर. अठराच्या भोकाभोवती बोटांचा मळ बसून काळं कडं तयार झालंय. बाकीची चार जवळजवळ कोरी. अण्णाच्या खरेदीदाराचा नियम सोपा आहे. मणी अठराच्या भोकात अडकला तर युरोपात जातो. खाली पडला तर तुमच्या-माझ्या घरी येतो. चौदाचं भोक कशासाठी ठेवलंय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

गाडीवाल्यासमोर मी चौदा मणी टाकून पाहिले. अकरा सरळ खाली गेले. दोन जरा रेंगाळले आणि गेले. एक अडकला, पण तो चेपलेला होता म्हणून.

"अहो, हा तर लोकल माल," मी म्हणालो.

"द्राक्षं लोकलच आहेत, काका," गाडीवाला शांतपणे म्हणाला. "पुठ्ठा एक्स्पोर्टचा आहे." आणि त्यानं तो उलटा करून दाखवला. खरंच निर्यातीच्या पेटीचा होता.

हे अठरा मिलिमीटर काय प्रकरण आहे, ते बाग न पाहिलेल्याला कळायचं नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून माणूस त्या मण्याच्या मागे लागलेला असतो. घड जीए नावाच्या, मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या पाण्यात बुडवायचे, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग विरळणी. मांडवाखाली बायका दिवसभर मान वर करून उभ्या, हातात बारीक कात्री, प्रत्येक घडातले कितीतरी मणी कापून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा. खोडाची साल कड्यासारखी काढायची, म्हणजे अन्नरस मुळाकडे न जाता घडात राहावा. थंडी पडली की मण्यावर गुलाबी छटा येते आणि पांढऱ्या द्राक्षात गुलाबी मणी तिकडे चालत नाही. (आपल्याला असा एखादा दिसला तर आपण आधी तोच तोंडात टाकतो.) म्हणून डिसेंबरात घडाघडाला कागद गुंडाळायचा. हा कागद म्हणजे रद्दी, वर्तमानपत्रं. त्या बागेत मी उभा होतो आणि नाकासमोरच्या घडावर माझंच सदर होतं. दवानं भिजलेलं, मथळा खाली, पाय वर. मी अण्णाला म्हटलं, "म्हणजे मीही निर्यातीत आलो की!"

"कागद काढून मग घड तोडतेत," अण्णा म्हणाला. "तो इथंच राहतो."

तोडणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेऊन जातो. बागेला नंबर असतो. रॉटरडॅमला उतरलेल्या पेटीत काही वावगं निघालं, तर नंबरावरून थेट अण्णाच्या बांधापर्यंत येऊन पोचायची सोय आहे. इतकं असूनही २०१० साली दणका बसलाच. क्लोरमेक्वाट नावाच्या, वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश मण्यांत सापडला, युरोपच्या बंदरांत कंटेनर अडकले आणि इकडे माणसं झोपली. अंश कसले, किलोमागे मिलिग्रॅमच्या चिमटीत मोजायचे. पण तेवढ्यानं तिथल्या पोटांची काळजी वाटली. तेव्हापासून तपासणी आणखी कडक झाली. कौतुक आहे, मनापासून आहे. फक्त एवढं सांगा, भोकातून खाली पडलेल्या मण्यांची तपासणी कोण करतं? मी करतो. चावून.

२०२३-२४ मध्ये सुमारे साडेतीन लाख टन द्राक्षं देशाबाहेर गेली. पिकतात त्याचा हा जेमतेम दहावा हिस्सा. उरलेले नऊ हिस्से आपण मिठाच्या पाण्यात धुऊन खातो. औषध जातं की नाही देव जाणे, द्राक्ष खारट होतं हे नक्की.

तर ती पट्टी आता कायम माझ्या शर्टाच्या खिशात असते आणि सवय वाईट. घरात वाटाणे मोजून झाले. रक्तदाबाची गोळी मोजली, ती चौदातूनही पडते. सोसायटीच्या नळाची धार साडेसहाला अठराच्या भोकाएवढी असते, सातला चौदाच्या, सव्वासातनंतर पट्टी लागत नाही. मग रस्त्यावरचा खड्डा मोजायला गेलो, तर पट्टीच आत गेली. शाळेतून येणाऱ्या दोन पोरांनी काढून दिली. तेव्हा लक्षात आलं, की आकाराच्या निकषावर हा खड्डा निर्विवाद निर्यातक्षम आहे. आणि एकदा हे लक्षात आल्यावर मला झोप येईना. खड्ड्यांची निर्यात का होऊ नये? उत्पादन बारमाही आहे. पावसाळ्यात तर बहर. भांडवल लागत नाही, मजूर लागत नाहीत, विरळणीचा प्रश्न नाही, उलट दोन खड्डे आपणहून जवळ येऊन एक होतात. पाच-पाच खड्डे पेटीत भरायचे, मध्ये कागद घालायचा (माझं सदर चालेल), कंटेनर शून्य अंशाला लावायचा, न्हावाशेव्याहून बोट सोडायची. तांबड्या समुद्रात गडबड असेल तर आफ्रिकेला वळसा घालून जाईल; खड्डा नासत नाही. आणि निर्यात करायची म्हटली की नियम आले! प्रत्येक खड्ड्याला नंबर द्यावा लागेल. कुठल्या रस्त्यावरचा, कधी पडला, त्याआधी डांबर कुणी टाकलं, किती टाकलं, बिल कितीचं लावलं. प्रयोगशाळा खडीचा नमुना नेईल. रॉटरडॅममध्ये एखादी सायकल त्यात गेली, तर नंबरावरून थेट ठेकेदाराच्या दारापर्यंत जाता येईल! माझ्या दारातला खड्डा चार वर्षांचा आहे, पुढच्या जूनमध्ये बालवाडीत घालावा लागेल, पण त्याला अजून बापाचं नाव नाही. तो परदेशी जायचा असता तर आठ दिवसांत मिळालं असतं. अर्थात तिथला तपासनीस काही खड्डे नाकारणारच, खोली एकसारखी नाही म्हणून. ते परत येतील आणि आपल्याच रस्त्यावर बसवले जातील. लोकल म्हणून.

निर्यात वाढतेय, यात शंका नाही. २०२४-२५ मध्ये स्मार्टफोन गेले सुमारे २४ अब्ज डॉलरचे, दोन वर्षांत दुपटीहून जास्त. शस्त्रं २०१३-१४ साली ६८६ कोटींची गेली होती, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींची. तोफगोळ्यांबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. उत्तम प्रतीचे झाडून सगळे बाहेर जाऊ द्यात, गाडीवर पुठ्ठा लावून नकोत.

औषधांवर मात्र मला विनोद करता येत नाही. २०२२ मध्ये गांबियात साठहून जास्त मुलं गेली आणि बोट आपल्याकडून गेलेल्या खोकल्याच्या औषधाकडे वळलं. नाचक्की झाली. मग १ जून २०२३ पासून नियम आला, की बाहेर जाणाऱ्या खोकल्याच्या औषधाला आधी सरकारी प्रयोगशाळेचा दाखला हवा. बाहेर जाणाऱ्या. इथल्या फडताळात यायच्या बाटलीला तो जादा दाखला नको होता. प्रयोगशाळा होत्या, यंत्रं होती, काय शोधायचं ते माहीत होतं, त्या विषाचं नावही माहीत होतं. दोन वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, मध्य प्रदेशात वीसहून जास्त लेकरं खोकल्याचं औषध पिऊन गेली. त्या औषधात तेच डायएथिलिन ग्लायकॉल निघालं. म्हणजे पोरं खोकणार तीही सारखीच, आया चमचा भरणार त्याही सारख्याच, आणि आपण ठरवणार काय, तर बाटलीवर पत्ता कुठला आहे ते बघून. माझ्या भाच्याचा मुलगा तीन वर्षांचा आहे. त्याला खोकला झाला तर मी पारपत्र काढून ठेवू का?

असो. म्हणजे असो म्हणायचं नाहीय, पण जागा संपत आली.

रात्री अण्णाला फोन केला. म्हटलं, तू तरी अठराची द्राक्षं खातोस ना? तो हसला. त्याच्या घरात गळालेले, सुटे मणी खातात, टोपलीत पडलेले. चांगला घड घरी तोडायचा म्हणजे पेटीतले पैसे तोडायचे. मागं एक व्यापारी चांगला भाव ठरवून माल घेऊन गेला, तो अजून माल घेऊनच जातोय. थोरला मुलगा बत्तीसचा झाला, लग्न जमत नाही. मुलीकडचे येतात, बाग बघतात, द्राक्षं खातात, फोटो काढतात आणि विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे का?

"पोरगा कुठं कमी पडतो रे?" मी म्हणालो.

"त्यांची पट्टी वेगळी असती," अण्णा म्हणाला. "आणि माझी पट्टी तूच नेलीस ना? सापडंना कवाची."

दुसऱ्या दिवशी पट्टी कुरिअरनं पाठवायला निघालो, तर वाटेत गाडीवाल्यानं हाक मारली. "काका, ते परवाचं दाखवा बरं जरा." त्यानं पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली, ढिगातला एक मणी उचलून एकेका भोकात घालून पाहिला. चौदाच्या भोकात तो घट्ट बसला. गाडीवाल्यानं पट्टी उलटसुलट केली, आकड्यांवरून नख फिरवलं.

"काका, अशी एक मला मिळंल का?" तो म्हणाला. "भोकं हीच. फक्त या चौदाच्यावर अठरा छापून."