एकस्तर वेतनश्रेणीतला परदेशी

गडचिरोलीला बदली झाल्याचं पत्र पुण्यातल्या घरात आलं की जो शोक पसरतो, तो मुलगा जपानला निघाला तरी पसरत नाही. जपानला जाणाऱ्याच्या बॅगेत भाजणी आणि मेतकूट भरतात. गडचिरोलीला जाणाऱ्याच्या बॅगेत डासांचं मलम, टॉर्च, मलेरियाच्या गोळ्या आणि शेवटी आईने कागदात बांधलेला अंगारा. मलेरियाची भीती खोटी नाही. राज्यातल्या मलेरियाग्रस्त जिल्ह्यांत हा जिल्हा वरच्या रांगेत असतो. अंगाऱ्याचा उपयोग मात्र अजून कुठल्या आरोग्य अहवालात आलेला नाही.

सरकारने या भीतीला रीतसर भाव ठरवून दिलेला आहे. नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरच्या पदाचा पगार मिळतो, वर प्रोत्साहन भत्ता. पासपोर्ट न काढता परदेशी भत्ता खाणारा हा महाराष्ट्रातला एकमेव प्राणी. त्याला इथे सगळे ‘साहेब’ म्हणतात, मग तो ग्रामसेवक असो की तहसीलदार.

साहेब आधी चंद्रपुरात उतरतो. हे 1964 पर्यंत चांदा होतं आणि म्हातारी माणसं अजून चांद्यालाच जातात. गोंडराजांनी बांधलेला परकोट शत्रूला किती अडवू शकला ते इतिहासकार सांगतील, पण जटपुरा गेट आज स्कूटर, ऑटो आणि लग्नाची वरात यांना एकाच वेळी अडवून दाखवतं. मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर गेला की साहेबाचा पुणेरी रुमाल दोन दिवसांत निवृत्त होतो आणि डोक्याला दुपट्टा येतो. वाघ बघायला ताडोबात जिप्सीचं बुकिंग करावं लागतं, हे त्याला ठाऊक असतं. महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारातही वाघ फिरतो, हे त्याला रस्त्यात सांगितलं जातं. तो हसतो. सांगणारा हसत नाही, कारण फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्या एका कामगाराला वाघाने मारलं होतं.

पुढे गडचिरोली. हा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून वेगळा झाला. तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली. गोंदियाकडून येणारी आगगाडी वडशाला जिल्ह्यात जेमतेम डोकावते आणि घाबरल्यासारखी वैनगंगा ओलांडून चंद्रपूरकडे निसटते. बाकी सगळा प्रवास एस.टी.चा.

जपानात नवख्या परदेशी माणसाला नगरपालिका एक तक्ता देते: जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, जुना सोफा टाकायला किती पैसे. गडचिरोलीत असा तक्ता नाही. ते खातं चहाच्या टपरीकडे आहे. पावसाळ्यात भामरागडचा दौरा लावू नये, मोहाच्या दिवसांत सकाळची बैठक घेऊ नये, आणि कुणी खर्रा पुढे केला तर नाही म्हणताना चेहरा कसा ठेवावा, हे सगळं तिथे अर्ध्या कपात कळतं.

साहेब अर्थातच ऐकत नाही. मार्चअखेर तो एका गावात सकाळी आठला सभा ठेवतो. गावात कुत्री आणि कोंबड्या हजर. मोहफुलं पहाटे गळतात, त्यामुळे अख्खं गाव टोपल्या घेऊन अंधारातच झाडाखाली गेलेलं. दहाच्या सुमाराला माणसं परततात आणि साहेबाला झाडाखाली एकटा बसलेला पाहून विचारतात, ‘‘जेवलास का गा?’’ सकाळी दहाला हा प्रश्न त्याला उद्धटपणाचा वाटतो. पण तो चौकशीचा असतो आणि त्यामागे खरोखरच भात असतो. पोळी मागणाऱ्याकडे इथे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहतात.

मोहाची दारू हा विषय निघाला की सगळे एकदम गंभीर होतात, कारण 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि ती गावोगावच्या बायकांनी भांडून आणलेली आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती 2015 ला आली नि 2021 ला गेली. मग साहेब मोहाचे लाडू खातो आणि मित्रांना फोनवर ‘मोह घेतला’ एवढंच सांगतो. खर्ऱ्याचं तसं नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून मांडीवर घोटण्याचं काम बसस्टँडपासून पारापर्यंत एकतानतेने चालतं. 2016 पासून ‘मुक्तिपथ’ अभियानवाले दारू आणि तंबाखू दोन्हींच्या मागे लागलेत. दारूचं दुकान बंद करता येतं, खिशातली पन्नी कशी बंद करणार?

साहेबाची खरी परीक्षा भाषेची. गडचिरोलीत झाडीबोली, धानोऱ्याकडे गोंडी, भामरागडला माडिया, कोरचीत छत्तीसगढी, सिरोंचात तेलुगू. पगार मराठीत होतो, बाकी सगळं त्या-त्या भाषेत. मुलचेऱ्याला तो मासे घ्यायला जातो तर बाजारात बंगाली चाललेली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या जंगलात जागा दिली, त्यांनी धान लावलं, तळ्यांत मासे सोडले, दुर्गापूजा मांडली. हेच खरे परदेशी, असं साहेब मनाशी ठरवतो. तेवढ्यात रोहूचे तुकडे तोलणारा पोरगा, त्याच निर्वासितांचा नातू, मान वर करून आपुलकीने विचारतो, ‘‘भाऊ, बाहेरचे का?’’

बाहेरच्यांनी इथे कसं राहावं याची एक चांगली गोष्ट शोधग्रामच्या दवाखान्याची आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून 1986 ला गडचिरोलीत आले. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तर सडेतोड आलं. मोठ्या इमारतीत शिरायला भीती वाटते. आणि पांढरं कापड आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो, तुमचे डॉक्टर-नर्स तेच घालून जीव कसा वाचवणार? मग दवाखाना झोपड्यांसारखा झाला आणि नाव पडलं माँ दंतेश्वरी. साहेब ही हकिकत मान डोलावत ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयाला पांढरा रंग देण्याचा प्रस्ताव पाठवतो.

मेंढा-लेखाला त्याची जास्तच पंचाईत होते. सरकार आलंय, हे सांगायला तो जीपमधून उतरतो आणि गावाची घोषणा कानावर पडते: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. या गावाने 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळवला, त्यामुळे वाद घालायची सोयही उरलेली नाही. सरकार सरकारला चहा पाजतं आणि सभेत मागच्या ओळीत जागा देतं.

पावसाळ्यात मात्र तो टपरीचा सल्ला मोडतोच. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा बाकी जगाशी संबंध तुटतो. साहेब पलीकडे अडकतो. पहिल्या दिवशी तो वरिष्ठांना अहवाल पाठवायला नेटवर्क शोधत फिरतो, दुसऱ्या दिवशी पाण्याकडे बघतो, तिसऱ्या दिवशी पत्ते खेळायला शिकतो. पूर ओसरल्यावर हे दिवस रजेत धरायचे की दौऱ्यात, यावर पत्रव्यवहार सुरू होतो. तो पुढच्या पुरापर्यंत पुरतो.

दिवाळी झाली की मंडई, म्हणजे इथली जत्रा भरते, दिवसा शंकरपटाचे बैल धावतात आणि रात्री या झाडीपट्टीचं नाटक. वडशातल्या नाटक मंडळ्या होळीपर्यंत गावोगाव फिरत असतात. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. साहेबाला दोन अंक आणि मध्ये बटाटावड्याची सवय. तो वेळेवर जाऊन पहिल्या रांगेत बसतो. नाटक गावच्या पाहुण्यांची जेवणं आटोपल्यावर सुरू होतं. बारा वाजतात, गाणी संपत नाहीत. दोनला खलनायक नुकता रंगात येतो. चारला बाजूची आजी रडत-रडत स्वतःच्या शालीचं टोक त्याच्या गुडघ्यांवर टाकते. न्याय होतो तेव्हा पूर्वेला उजाडलेलं असतं. साहेब तसाच कार्यालयात पोचतो, तर शिपायापासून लेखापालापर्यंत सगळ्यांचे डोळे लाल. त्या दिवशी एकही फाइल हलत नाही. तक्रारही येत नाही, कारण तक्रार करणारे रात्री मागच्याच रांगेत बसलेले असतात.