माल कमी, माहिती फार

काही माणसांना पैसा पचत नाही, काहींना सत्ता पचत नाही. मला माहिती पचत नाही. एखादी गोष्ट कळली की ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय मला झोप लागत नाही. आणि मी सांगायला लागलो की दुसऱ्याला लागते. पुण्यात या दुखण्याचे मला पैसे मिळायचे. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये मी सामान्यज्ञान शिकवत होतो. सनावळ्या, नद्या, तह, कोणी कोणाची कंपनी कितीला घेतली, सगळं तोंडपाठ. अशा माणसाला दुकानात गिऱ्हाइकासमोर उभं करू नये, एवढीच एक माहिती मूळच्या उल्हासनगरच्या एका सिंधी शेठना नव्हती.

दुकान स्पेनमध्ये. भूमध्य समुद्राच्या काठी, अलिकांतेच्या दक्षिणेला ५० किलोमीटरवर तोरेविएखा नावाचं गाव आहे. बाजूला मिठागर आणि गुलाबी पाण्याचं सरोवर. बायकोला अलिकांतेत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, तिथलं भाडं झेपेना म्हणून आम्ही तोरेविएखात घर घेतलं, आणि मी तिच्या कागदपत्रांवर ‘अवलंबित’ या रकान्यात राहू लागलो. अशा अवलंबित नवऱ्यांना स्पेनचा कायदा काम करू देतो. हे माझं नशीब आणि शेठचं प्रारब्ध.

सिंधी व्यापारी कॅनरी बेटांत आणि जिब्राल्टरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमचे शेठ कॅनरीतल्या तेनेरिफेमार्गे इथे आले आणि त्यांनी बरोबर हेरलं की या किनाऱ्यावर खरा दुष्काळ इंग्रजी किराण्याचा आहे. १९६०च्या दशकापासून इंग्रज इथे सुट्टीला येऊ लागले. पुढे पुढे निवृत्त झाल्यावर घर विकायचं आणि इथे उन्हात येऊन राहायचं, अशी रीतच पडली. जवळच्या सान फुल्हेन्सिओ गावात तर स्पॅनिश माणूस अल्पसंख्य झाला आहे. ऊन त्यांना स्पेनचं हवं असतं, न्याहारी मात्र स्वतःचीच.

म्हणून बाहेर गाडीवर ढीगभर टोमॅटो, बाजारात ताजी मासळी. आणि आमच्या दुकानात माणसं रांगेत उभी राहून इंग्लंडातल्या विगन गावच्या कारखान्यात डब्यात भरलेला घेवडा विकत घेताहेत. तो घेवडाही पिकतो उत्तर अमेरिकेत. त्याच्या शेजारी मार्माइट, बिस्टो, बर्ड्सचं कस्टर्ड, डायजेस्टिव्ह बिस्किटं, प्लगचे ॲडॅप्टर आणि नातवंडांना पाठवायची वाढदिवसाची कार्डं. मातृदिनाची कार्डं आम्ही मार्चमध्ये लावायचो, कारण स्पेनची आई मेमध्ये साजरी होते आणि इंग्लंडची ईस्टरआधीच्या लेंट या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी. ही माहिती मी शेठना दिली तेव्हा ते खूश झाले होते. म्हणाले, “सर, तुम्ही कामाचे आहात.” त्यांनी मला असं म्हटल्याचं पुन्हा काही स्मरत नाही.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे यॉर्कशरच्या एक आजी. त्या मला ‘लव्ह’ म्हणाल्या. तिकडच्या बायका दुकानदाराला सर्रास असं म्हणतात, ही माहिती मला नव्हती. बायकोला तर नव्हतीच. आजींनी टेटलीच्या चहाचा खोका उचलला आणि सुस्कारा सोडला, “एवढं तरी आपलं राहिलंय.”

आता गप्प बसायचं म्हणजे किती बसायचं? मी म्हटलं, “राहिलं होतं, २००० सालापर्यंत. मग आमच्या टाटांनी घेतलं. २७ कोटी १० लाख पौंडांना.”

आजींनी खोका जागेवर ठेवला आणि यॉर्कशर टी घेतला. नावातच त्यांचं गाव. मी त्यांना धीर दिला की कंपनी खरोखरच हॅरोगेटची आहे. फक्त यॉर्कशरमध्ये चहा उगवत नसल्यामुळे पानं आसाम, केनिया आणि रवांडाची असतात. तोही खोका जागेवर गेला. मग त्यांनी रात्री झोप यावी म्हणून हॉर्लिक्सची बरणी घेतली. मला हसूच आलं. म्हटलं, “आजी, भारतात हे आम्ही शाळकरी पोरांना सकाळी पाजतो. उंची वाढावी म्हणून.”

आजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्याला फार वेळ लागला नाही. मी पाच फूट तीन इंच आहे.

“तुम्हालाही पाजलं होतं?” त्यांनी विचारलं, आणि हॉर्लिक्सही न घेता निघून गेल्या.

मार्मलेडचं प्रकरण याहून महागात पडलं. एक निवृत्त पोस्टमन दर आठवड्याला मार्मलेडच्या दोन बरण्या न्यायचे. मी त्यांना खिडकीतून चौकातली संत्र्याची झाडं दाखवली. म्हटलं, “सेव्हिलची कडू संत्री इथलीच. स्पॅनिश माणूस ती सहसा खात नाही. हिवाळ्यात ती इंग्लंडला जातात, साखरेत शिजतात, बरणीत बसतात आणि स्पेनमध्ये परत येतात. अन्नावर तिकडे बहुतेक शून्य कर, इथे यावर १० टक्के. म्हणजे घरच्याच संत्र्याच्या जाण्यायेण्याचा खर्च तुम्ही भरताय.”

पोस्टमनना हिशेब पटला. पटला की माणूस शहाणा होतो, असं मी क्लासमध्ये शिकवत असे. ते बरणी ठेवून बाहेर गेले, चौकातलं एक संत्रं तोडलं, सोललं आणि अख्खी फोड तोंडात टाकली. मग दाराशी परत येऊन, डोळ्यांतलं पाणी पुसत, त्यांनी इंग्रजी भाषेतले काही शब्द उच्चारले. माझ्या सामान्यज्ञानात त्यामुळे भर पडली. त्यानंतर ते समोरच्या सुपरमार्केटमधून स्पॅनिश मध घेऊ लागले.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “अरे, तू दुकानात जातोस की तासाला?”

शेठनी मग मला गल्ल्यावर बसवलं. तिथे माल दाखवायचा नसतो, नुसते पैसे घ्यायचे. पण पैसे म्हटले की विनिमयाचा दर आला. इथल्या म्हाताऱ्यांचं पेन्शन पौंडांत येतं आणि खर्च युरोत होतो. त्यामुळे टोपली उचलायच्या आधी ते मोबाइलवर पौंडाचा भाव बघतात. भाव चढला की चॉकलेट, उतरला की नुसता चहा. एक आजोबा पावती बघून कुरकुरले, तेव्हा मी सहानुभूतीने त्यांना आठवण करून दिली की २००७ च्या सुरुवातीला एका पौंडाला जवळजवळ दीड युरो मिळायचा आणि २००८ च्या अखेरीस जेमतेम एक. आजोबांनी घर नेमकं त्याच दोन वर्षांच्या मधे घेतलं होतं. त्यांनी टोपलीतली वाइन परत ठेवली. मग जरा विचार करून परत घेतली, आणि चीज ठेवलं.

त्यात ब्रेक्झिट. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून येणाऱ्या मांसाच्या आणि दुधाच्या मालाबरोबर सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य-दाखला लागू लागला. सॉसेजमधल्या डुकराची तब्येत उत्तम आहे, असं डॉक्टरने लिहून द्यायचं. घरून येताना पिशवीतून हॅमचं सँडविच आणायलाही बंदी झाली. पोर्क पाय येईनात, आले तर परवडेनात. सॉसेज मिळत नाहीत म्हणून बायका काउंटरशी येऊन हळहळू लागल्या.

मी स्वतः शाकाहारी. तरी कर्तव्य म्हणून सांगू लागलो की बाई, तुम्ही युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या डुक्करमांस उत्पादक देशात उभ्या आहात, पन्नास पावलांवर खाटकाचं दुकान आहे. एक बाई खरोखर तिथे गेल्या आणि तक्रार घेऊन आल्या. इंग्रजी सॉसेजमध्ये पावासारखा कोरडा चुरा घालतात. स्पॅनिश खाटीक घालत नाही. “त्यांच्या सॉसेजमध्ये सगळं मांसच असतं हो!” त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. यावर माझ्याकडे कुठलीही माहिती नव्हती. माझ्या कारकिर्दीत दुकानात पसरलेली ती पहिली शांतता.

एचपी सॉसचे आजोबा आले ते याच सुमारास. उंच, दंडावर गोंदलेलं, बर्मिंगहॅमचे. त्यांनी लंडनच्या पार्लमेंटचं चित्र असलेली बाटली माझ्यासमोर ठेवून किंमत विचारली. ब्रेक्झिटपायी सगळा माल अडत असताना हा सॉस मात्र अगदी सुरळीत येत होता, आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. ते पोटात राहणं शक्य नव्हतं.

“आजोबा, गंमत बघा,” मी म्हटलं, “ही बाटली नेदरलँड्समध्ये भरली जाते. तुमच्या ॲस्टनचा कारखाना २००७ साली बंद झाला. म्हणजे बाटलीवर ब्रिटिश पार्लमेंट आहे, पण ती युरोपातल्या युरोपातच फिरते. म्हणून तर अडत नाही!”

आजोबांनी शांतपणे विचारलं, “रस्त्यावरून जाणारी पाइपलाइन माहीत आहे का?”

माहीत नव्हती.

मग त्यांनी माझा तास घेतला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एक मोटरवे बांधला, तो कारखान्याच्या मधूनच गेला. एक भाग या बाजूला, दुसरा त्या बाजूला. मग रस्त्याच्या वरून एक पाइप टाकला आणि त्यातून व्हिनेगर इकडून तिकडे जायचं. खालून मोटारी, वरून व्हिनेगर. त्यांची बहीण त्या कारखान्यात होती. कारखाना पाडला त्या दिवशी ते दोघं बघायला गेले होते.

“सॉस कुठे बनतो ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. “मी किंमत विचारली होती.”

आणि दोन बाटल्या घेऊन गेले.

मी त्या दिवशी गल्ल्यावर बसून बराच विचार केला. सॉस कुठे बनतो, असा प्रश्न परीक्षेत येऊ शकतो. खाली चार पर्याय असतात, त्यांतला एक बरोबर. पण ते माहीत असूनही माणूस बाटली का घेतो, हा प्रश्न अजून कुठल्याच आयोगाने काढलेला नाही. तसं पाहिलं तर यॉर्कशरच्या आजींनाही चहाचं झुडूप यॉर्कशरच्या माळावर उगवत नाही हे ठाऊक असणारच. त्यांना चहा हवा होता. भूगोल मी फुकट बांधून देत होतो.

शेठनी मात्र इतका विचार केला नाही. त्यांनी विक्रीची वही उघडली, माझ्यापुढे धरली आणि मिटली. म्हणाले, “सर, तुम्ही सांगता ते सगळं खरं असतं?”

“शंभर टक्के.”

“मग ते लिहून का काढत नाही?”

युरोपचा नियम असा की खाण्याच्या वस्तूवरची माहिती जिथे ती विकली जाते तिथल्या लोकांना समजणाऱ्या भाषेत हवी. स्पेनमध्ये ती निदान स्पॅनिशमध्ये पाहिजेच. म्हणजे प्रत्येक बरणीवर, प्रत्येक पुड्यावर आपलं एक लेबल चिकटवायचं. घटकपदार्थ, ॲलर्जीच्या सूचना, वजन, आयात करणाऱ्याचा पत्ता. अक्षरंही ठरलेली: साध्या पाकिटावर छोट्या ‘एक्स’ची उंची १.२ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. शेठनी मला मागच्या खोलीत एक टेबल, एक प्रिंटर आणि लेबलांची गुंडाळी दिली. ज्ञानदान कायद्याने सक्तीचं असलेली ही माझ्या आयुष्यातली एकमेव नोकरी. आणि दुकानातली गिऱ्हाइकं इंग्रज असल्यामुळे स्पॅनिश लेबल कोणी वाचणार नाही, याची शेठना खात्री होती.

मी तल्लीन झालो. एचपी सॉसच्या मागे चिंच आणि खजूर लिहिताना माझा हात थबकला. चिंच आणि खजूर! म्हणजे इंग्रज इतकी वर्षं सॉसेजवर भेळेची चटणी घालून खातोय! ही बातमी घेऊन मी दुकानात धावलो, पण शेठनी दाराला बाहेरून कडी घातली होती.

विक्री वाढली. पोस्टमन परत आले. यॉर्कशरच्या आजी दोन्ही चहा नेऊ लागल्या. बरणी हातात घेतली की त्या नखाने माझं लेबल खरवडून काढतात, खालचं इंग्रजी दिसावं म्हणून. मी नवीन चिकटवतो. शेठनी दिवाळीला पगार वाढवला आणि म्हणाले, “सर, आता तुम्ही एकदम सेट झालात.”

परवा मात्र दुकानात चुकून एक स्पॅनिश आजोबा शिरले. त्यांनी मार्मलेडची बरणी उचलली, चष्मा लावला आणि माझं लेबल पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं. साखर वाचली. पेक्टिन वाचलं. ‘सेव्हिलची संत्री’पाशी आल्यावर थांबले, खिडकीतून चौकातल्या झाडांकडे पाहिलं, किंमत पाहिली आणि खो खो हसत सुटले. हसता हसताच त्यांनी ती बरणी आजींना दाखवली, पोस्टमनना दाखवली, जागेवर ठेवली आणि काहीही न घेता गेले.

शेठनी वळून मागच्या खोलीकडे रोखून पाहिलं. आणि मी तर तोंडातून एक शब्दही काढला नव्हता!