जावईबापू

क्लायंटच्या ऑफिसात शिरल्याबरोबर आमचे सीनियर बॅलन्स शीट मागत नसत. चहा यायची वाट बघत. तो कपात येतो की कागदी ग्लासात, सोबत बिस्किट आहे का, असलं तर मारी की क्रीमचं, आणणारा जाताना दार ओढून घेतो की उघडं टाकतो, हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपून झालं की मग ते बॅगेतून एक्स्टेंशन बोर्ड काढत. लॅपटॉप फर्मचा, हिरवं पेन फर्मचं, पण तो पिवळा पडलेला बोर्ड त्यांच्या स्वतःच्या मालकीचा. ऑडिटरला जी खोली देतात तिच्या भिंतीला एकच प्लग असतो आणि त्यावर पाण्याचा फिल्टर चालू असतो, हे ज्ञान त्यांनी आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या उमेदवारीच्या, तीन वर्षांत कमावलं होतं.

आम्ही आर्टिकल मंडळी त्यांना पाठीमागे जावईबापू म्हणायचो. लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा पदवीला कायदेशीर आधार काही नाही. ती आली त्यांच्याच तत्त्वज्ञानातून. "ऑडिटर म्हणजे जावई," ते सांगत. "आला की सगळे उठून उभे राहतात आणि आनंद एकालाही होत नाही. हवं-नको विचारतात आणि मनात म्हणतात, हा जातो कधी. मानपान त्यांनी करायचा, रुसायचं आपण." रुसवा रिपोर्टात लिहून काढता येतो, म्हणून तर धाक. पुढे २०१३ चा कंपनी कायदा आला आणि मोठ्या कंपन्यांना एकच ऑडिट फर्म सलग दहा वर्षांहून जास्त ठेवायची बंदी झाली, तेव्हा ते फार खूश झाले. जावई बदलायची सक्ती करणारा जगातला एकमेव कायदा, असं ते त्याला म्हणत. खरंखोटं मी तपासलेलं नाही.

फर्म मोठी होती. नाव सांगत नाही. लोअर परळला जिथे कधीकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा, तिथल्या काचेच्या इमारतीत तिचे मजले होते. मामाला वाटायचं, भाचा तिथे एसीत बसतो. तिथे आम्हा आर्टिकलांना धड खुर्चीसुद्धा नव्हती आणि तिची गरजही नव्हती, कारण ऑडिटवाला कायम दुसऱ्याच्या दारात. तारापूर, चाकण, बुटीबोरी... महाराष्ट्राचा नकाशा मला एमआयडीसींवरून पाठ झाला. "एवढ्या मोठ्या फर्ममध्ये आहेस, म्हणजे पगार..." इतकं बोलून मामा थांबायचा. मीही थांबायचो. एकदा स्टायपेंडचा आकडा सांगितला, तेव्हा त्याने काही न बोलता माझ्या हातावर शंभराची नोट ठेवली. मी ती घेतली.

तर चहा. नवशिक्याला वाटतं, सरबराई चांगली म्हणजे हिशेब चांगले. जावईबापूंचं म्हणणं बरोबर उलट. "ज्याची पुस्तकं सरळ असतात ना, तो अकाउंटंट तिसऱ्या दिवशी वैतागतो. त्याला त्याची कामं पडलेली असतात. चौथ्या दिवशी म्हणतो, 'अहो, किती व्हाउचर काढायला लावता!' पाचव्या दिवशी चहा बंद. असा माणूस भेटला की निर्धास्त व्हायचं. पण जो शेवटच्या दिवसापर्यंत गोड बोलतो, काजू आणतो, 'तुम्ही कशाला त्रास घेता, फाइल मीच काढून देतो' म्हणतो, तिथे सँपल वाढवायचं. आणि घरी जेवायला बोलावलं तर?" इथे ते चष्मा काढून पुसायचे. "आधी कट-ऑफ, मग जेवण."

कट-ऑफ म्हणजे ३१ मार्चची शीव. एप्रिलमध्ये गेटाबाहेर पडलेला ट्रक मार्चच्या विक्रीत घुसवलाय का, हे बिल आणि गेट रजिस्टर शेजारी-शेजारी ठेवून बघायचं. अकाउंट्सला सगळ्यात कमी भेटणारा माणूस म्हणजे गेटावरचा वॉचमन, त्यामुळे त्याचं रजिस्टर बहुधा खरं असतं.

आमच्या पुस्तकात १८९६ चा एक इंग्लिश खटला होता. गिरणीच्या मॅनेजरने वर्षानुवर्षं कापूस आणि सुताचा साठा फुगवून दाखवला, ऑडिटरांनी त्याच्याच सहीच्या दाखल्यावर विश्वास ठेवला आणि कोर्टाने ऑडिटरांना सोडलं. न्यायमूर्तींच्या मते ऑडिटर हा राखणीचा कुत्रा, माग काढणारा नव्हे. सीएचा प्रत्येक विद्यार्थी हे पाठ करतो आणि आपल्याला कुत्रा म्हटलं गेलंय हे त्याच्या ध्यानातही येत नाही. जावईबापूंनी त्या खटल्यावर एकच भाष्य केलं होतं. "तो मॅनेजर चहा फर्स्टक्लास पाजत असणार. लिहून घे."

माझी खरी परीक्षा झाली एका साखर कारखान्यात, ३१ मार्चच्या रात्री. साठा मोजायचा होता. गेटावरचा कुत्रा आमच्यावर जीव तोडून भुंकला. जावईबापू म्हणाले, "भुंकू दे. खासगी कारखान्यात हाच एक आपला सहकारी." गोदामात पन्नास-पन्नास किलोच्या पोत्यांच्या थप्प्या पार वरपर्यंत गेलेल्या. गोदामकीपर तोंड पाडून उभा. चहा सोडाच, पाणीसुद्धा मागून घ्यावं लागलं.

"सर, चहा नाही. म्हणजे माल बरोबर असणार ना?" मी आशेने विचारलं.

"असणारच. चढ."

थप्पीची लांबी, रुंदी आणि उंची मोजून खाली उभ्या-उभ्या गुणाकार करता येतो; पण मधे पोकळ असेल तर तो गुणाकार हवेचा. आतला खड्डा वर गेल्याशिवाय दिसत नाही. मी चढलो. बूट खाली, हिरवं पेन दातांत, घामावर साखरेची भुकटी. वर पोचलो तेव्हा मला मुंगी लागली असती तरी तिचा दोष नव्हता. या थप्पीवरून त्या थप्पीवर जात खाली ओरडत राहिलो, "भरलेली आहे! बावीस थर!" खाली जावईबापू लिहून घेत होते आणि गोदामकीपरचा पारा थरागणिक चढत होता. शेवटी तो फुटलाच. "आमी काय खोटं बोलतो व्हय?"

जावईबापूंचा चेहरा उजळला. "चिडला! उत्तम माणूस आहे." मोजणी संपल्यावर त्यांनी त्याला बाहेरच्या टपरीवर नेऊन स्वतःच्या पैशाने चहा पाजला. तो खर्च त्यांनी फर्मकडे कधी मागितला नाही. सपोर्टिंग नव्हतं.

एका बाबतीत मात्र ते चेष्टा करत नसत. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांचं कबुलीपत्र टीव्हीवर झळकलं, तेव्हा ते स्वतः आर्टिकल होते. पुस्तकात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड आणि बँकशिल्लक मुळात नव्हतीच. रोकड! जी मोजायला सगळ्यात सोपी, म्हणून नव्या पोरांना देतात ती. तेव्हापासून बँकेचा कागद क्लायंटच्या हातून घ्यायचा नाही, असा त्यांचा सोवळा नियम झाला. बँकेला पत्र आपण टाकायचं, उत्तर आपल्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही तर शाखेत जाऊन बसायचं. एका शाखेत आम्ही दोन दिवस "साहेब जेवायला गेलेत" ऐकत बसलो. चहा विचारला नाही, पंखासुद्धा आमच्या बाजूचा बंद. शिल्लक पैशापर्यंत जुळली.

सप्टेंबरबद्दल फार लिहीत नाही, आठवणीनेही झोप येते. ३० तारखेला टॅक्स ऑडिट, त्याच तारखेच्या आत कंपन्यांच्या वार्षिक सभा आणि मधे कुठेतरी गणपती. जावईबापूंच्या घरची आरती स्पीकर फोनवर चालायची आणि ते तिच्या ठेक्यावर व्हाउचरवर टिका मारायचे. काम चौदा तास, टाइमशीटमध्ये आठ, कारण बजेट आठाचंच. मग शेवटच्या संध्याकाळी पार्टनर यायचे, चाळीस मिनिटं फाइल चाळायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. सहा आठवड्यांत आम्ही जे पाहिलेलं नसायचं, बरोबर तेच. ती विद्या कुठे शिकवतात कोण जाणे. रिपोर्टावर सही पार्टनरची, सभासद क्रमांक त्यांचा, नाव फर्मचं. आमच्या जावईबापूंची नोंद वर्किंग पेपरच्या कोपऱ्यात, दोन आद्याक्षरांत.

एका जुलैत ते गेले. 'इंडस्ट्रीत गेला' हे आमच्या फर्ममध्ये 'सुटला' या सुरात म्हणतात. जाताना एक्स्टेंशन बोर्ड माझ्या हातात ठेवला. पुढे लग्न झाल्याचंही कळलं.

गेल्या वर्षी दहा वर्षांच्या त्या नियमापायी एक नवी कंपनी आमच्या पदरात पडली. मी आता मॅनेजर. फायनान्स हेडच्या केबिनमधून कोण बाहेर यावं? जावईबापू! केस पिकलेले, चष्मा नवा. "ये रे," म्हणाले आणि स्वतः खोली दाखवली. प्रत्येक खुर्चीपाशी प्लग. बोर्ड माझ्या बॅगेतच राहिला.

पहिल्या दिवशी साधा चहा, मारी बिस्किट. दुसऱ्या दिवशी तेच. वा, मी म्हटलं, सिद्धांत ज्याने मांडला त्याच्याकडून एवढी खबरदारी हवीच. तिसऱ्या दिवशी मी वैतागाची वाट बघत होतो. तो आला नाही. चौथ्या दिवशी चारच्या चहाबरोबर काजूकतलीचा बॉक्स आला आणि मागोमाग स्वतः ते.

"डिस्पॅचची फाइल मीच पाठवतो वर. तुझी पोरं उन्हात गेटापर्यंत कशाला जातायत?"

"चालेल सर."

"आणि शनिवारी जेवायला घरी ये. हिच्या हातची पुरणपोळी खाच एकदा."

"येतो ना सर."

जाताना त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं. मी एक काजूकतली तोंडात टाकली आणि आर्टिकलला म्हटलं, "गेट रजिस्टर घेऊन ये. आणि कट-ऑफचं सँपल पंचवीसचं साठ कर."

पोरगी दचकली. "काही सापडलं का सर?"

"काजू," मी म्हणालो.