तळपायाचा अबोला

आमच्या घराण्यात जमीनजुमला नाही, दागदागिने नाहीत. पिढीजात म्हणाव्यात अशा गोष्टी दोनच, गुदगुल्या आणि मधुमेह. दोन्ही मला वडिलांकडून मिळाल्या. पुढे दुसरीने पहिलीला घराबाहेर काढलं, त्याची ही हकीकत.

माझ्या गुदगुल्यांची ख्याती सासरपर्यंत होती. लग्नात सासरेबुवांनी माझे पाय धुवायला घेतले. तांब्यातलं पाणी पडेपर्यंत मी धीर धरला, पण त्यांचा अंगठा तळव्यावरून फिरला आणि साक्षात विष्णू म्हणून पाटावर बसवलेला नवरदेव खिदळत पाटासकट मागे सरकला. गुरुजींनी मंत्र थांबवले नाहीत, एवढंच. सासूबाईंनी 'स्वभावाने हसरे आहेत जावई' असं म्हणून सगळ्या वऱ्हाडापुढे वेळ मारून नेली. ते प्रशस्तिपत्र घरी फार काळ टिकलं नाही.

गुदगुल्यांत आनंद वगैरे काही नसतो, हे ज्यांना त्या होत नाहीत त्यांना पटवणं अशक्य. 'एवढा हसतोय म्हणजे मजा येतेय' असा त्यांचा हिशेब. त्या हसणाऱ्याचे डोळे बघा, तो सुटकेचा रस्ता शोधत असतो. स्वीडनच्या झॉटरमन यांनी १९३९ साली मांजरांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करून दाखवलं, की गुदगुल्यांचा निरोप स्पर्शाच्या तंतूंबरोबर वेदनेच्या तंतूंवरूनही जातो. मांजरांना बिचाऱ्यांना तेव्हा काय वाटलं, ते त्यांनी छापलेलं नाही.

तर, माझा नातू. दुसरीत आहे. त्याची पद्धत अशी, की दोन्ही हातांची बोटं हवेत नाचवायची आणि 'आलो... आलो...' करत पायाकडे सरकायचं. बोट लागायच्या आधीच मी पाय आखडून हसायला लागायचो. हे इतकं बिनबोभाट चाललं होतं, की पायाने आपलं काम केव्हा सोडलं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तळव्याची नोकरी डोळे करत होते. 

एका दुपारी मी वामकुक्षीत असताना त्याने न सांगता मोहीम काढली. आधी बोटांनी, मग कंगव्याने, शेवटी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचं मोरपीस आणून. मी घोरतच होतो. तो स्वयंपाकघरात धावत गेला आणि ओरडला, "आजी, आजोबांचे पाय बंद पडलेत!" सौभाग्यवतींनी आधी श्वास चालू आहे ना ते पाहिलं, मग तळवा खाजवून पाहिला, आणि 'दूध उतू गेलं' म्हणतात त्याच आवाजात म्हणाल्या, "अहो, उठा. तुम्हाला गुदगुल्या होत नाहीयेत."

आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पायातली चप्पल निसटली तर कळतं का?" माझ्या तब्येतीच्या प्रश्नांची उत्तरं आमच्याकडे मी देत नाही. "एक चप्पल स्टेशनच्या जिन्यात ठेवून हे फलाटापर्यंत आले होते," ही म्हणाली. "गादीवरून चालल्यासारखं वाटतं?" वाटत होतं. मी त्याचं श्रेय नव्या फरशांना देत होतो.

मग त्यांनी डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा एक जाडसर धागा असतो, दहा ग्रॅम दाब पडला की वाकणारा. तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवायचा आणि आपण लागला की 'हो' म्हणायचं. मी शाळेपासूनचा हुशार विद्यार्थी, भराभर 'हो, हो' म्हणत गेलो. डॉक्टर म्हणाले, "काका, मी अजून सुरुवात केलेली नाही."

पुढे कंप पावणारा नादकाटा झाला, आणि हातोडीच्या दांड्याने तळवा टाचेपासून बोटांकडे ओरखडून झाला. ही बाबिन्स्कीची खूण, १८९६ सालापासून जगभर चालत आलेली. मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळला तर ठीक, वर गेला तर मेंदूकडून येणाऱ्या वाटेत काहीतरी बिघाड. एरवी मी डॉक्टरांना लाथच घातली असती. आता माझा अंगठा वरही गेला नाही, खालीही गेला नाही. तटस्थ राहिला.

कारण साधं निघालं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली, की सगळ्यात लांब मज्जातंतू आधी खराब होतात. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू साधारण मीटरभर लांब. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि पायमोजा चढवावा तसा वर चढतो. गुडघ्याशी पोचला, की हाताच्या बोटांची पाळी. काखा आणि बरगड्या मात्र शाबूत, त्यांचे तंतू आखूड. एवढी शरीररचना नातवाने तिथल्या तिथे आत्मसात केली आणि रिक्षात बसल्याबरोबर प्रात्यक्षिक घेतलं.

घरी आल्यावर मी पाय स्वतःच खाजवून पाहिला. तेही व्यर्थ, कारण तो मार्ग धडधाकट माणसालाही बंद असतो. लंडनच्या ब्लेकमोर, वोल्पर्ट आणि फ्रिथ यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की आपला हात हलला की त्याचा स्पर्श कसा वाटणार याचा अंदाज लहान मेंदू आधीच बांधतो आणि गुदगुल्यांतली हवा काढून घेतो. मध्ये यंत्रमानव घालून तोच स्पर्श सेकंदाच्या काही अंशाने उशिरा पोचवला, की त्या परत येतात. ज्यांना मानसिक आजारात भास होतात किंवा आपलं हलणं दुसरंच कुणी घडवतंय असं वाटतं, त्यांना स्वतःच्या हाताचा स्पर्शही परक्यासारखा जाणवतो, असंही याच मंडळींपैकी काहींना पुढे आढळलं. म्हणजे गुदगुल्यांना परका माणूस लागतो. माझ्याकडे तो होता आणि चांगला उत्साही होता. पाय घरात नव्हते.

लोक म्हणतात, बरंच झालं, सुटलात. सुटलो कसला? परवा हॉलमधून स्वयंपाकघरात मी टाचणीसकट चालत गेलो आणि फरशीवर रक्ताचे ठिपके पाहून 'कुणाला लागलं?' म्हणून सगळ्यांना विचारत फिरलो. तेव्हापासून रात्री पायांची तपासणी असते. ही बॅटरी धरते, नातू आरसा धरतो, आणि मी आरोपीसारखा पाय पुढे करून बसतो.

तुमच्यापैकी ज्यांना साखर आहे त्यांनी आज रात्री एवढं करा. डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या पायांच्या बोटांच्या टोकांना हलकेच बोट लावायला सांगा. कळलं तरच 'हो' म्हणा. हुशारी दाखवू नका.