साहेब, तेवढी पोच

आप्पांची ओळख करून देण्याची गरज नाही. तुमच्या सोसायटीत, आळीत, गावात ते आहेतच. तिथे त्यांना नाना किंवा गुरुजी म्हणत असतील, एवढाच फरक. काखेत रेक्झिनची पिशवी, पिशवीत फाइल, फाइलीत निवेदन आणि निवेदनाची दुसरी प्रत. पहिली प्रत साहेबांसाठी असते, दुसरीवर आप्पांचा जीव असतो. पहिली दिली रे दिली की दुसरी पुढे सरकते आणि आप्पा अत्यंत मऊ आवाजात म्हणतात, "साहेब, तेवढी पोच."

हा मऊ आवाज ऐकून भल्याभल्यांना घाम फुटलेला मी पाहिला आहे.

आप्पांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्याच्या एका कार्यालयात आवक-जावक टेबलावर झाली. कागदाचा जन्म शिक्क्याने होतो, हे ज्ञान त्यांना तिथे झालं. शिक्का नसलेला कागद घेऊन माणूस कितीही घसा फोडून ओरडला, तरी तो कागद 'आलेला नसतो'. निवृत्तीनंतर लोक नर्मदा परिक्रमेला जातात, आप्पा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले.

आमचा सकाळचा कट्टा राजकारणावर पोसलेला. 2019 च्या नोव्हेंबरात 'पहाटेचा शपथविधी' झाला, त्या दिवशी बागेत कुणी एक फेरीसुद्धा मारली नाही. 2022 च्या जूनमध्ये आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा तर कट्टा दुपारपर्यंत उठेना. किती फुटले, दोन-तृतीयांश भरतात की नाही, दहावं परिशिष्ट काय म्हणतं, यावर आमच्यातल्या बायपासवाल्यांनीही जिवाची पर्वा केली नाही. आप्पा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. पण साहेब तिकडे असताना त्यांच्या इथल्या ऑफिसात पोच कोण देतंय?"

कट्टा मोडला. पुढच्या वर्षी जुलैत दुसराही पक्ष फुटला, तेव्हा आप्पांना फक्त समाधान वाटलं. निवेदनात 'प्रति'खाली ते पक्षाचं नाव कधीच घालत नसत, त्यामुळे झेरॉक्स वाया गेल्या नाहीत.

आप्पा पेपर वाचतात तो आतल्या पानांपासून. पहिल्या पानावर कोण कोणाला काय म्हणाला, हे त्यांच्या लेखी शेजारणींचं भांडण. त्यांना हवी असते तारांकित प्रश्नांची चार ओळींची बातमी. नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की लाल पेन घेऊन बसतात. लक्षवेधी कुणाची लागली, आपल्या आमदारांनी तोंड उघडलं का, उघडलं तर जांभई देण्यासाठी की बोलण्यासाठी, एवढंच त्यांना बघायचं असतं. एकदा आमदारांनी खरोखरच आमच्या उपजिल्हा रुग्णालयावर प्रश्न विचारला. आप्पांनी तातडीने अभिनंदनाचं पत्र नेऊन दिलं. स्वीय सहायकाने ते दोनदा वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली.

"आप्पा, हा टोमणा आहे का?"

"छे छे, शुद्ध अभिनंदन आहे. तेवढी पोच."

निवेदन लिहिण्याची त्यांची एक घराणेदार पद्धत आहे. 'विषय' एका ओळीचा : चौकातील चेंबरचे झाकण. 'संदर्भ' मात्र पानभर : 1) माझे पहिले निवेदन, 2) स्मरणपत्र, 3) स्मरणपत्राचे स्मरणपत्र, 4) आपल्याशी अमुक तारखेस वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली झालेली चर्चा. मग 'महोदय, वरील विषयान्वये...' अशी सुरुवात होईपर्यंत महोदय बैठकीला निघून गेलेले असतात. आप्पांच्या या लेखणीला आजवर एकाच गोष्टीने वेसण घातली, ती म्हणजे माहितीच्या अधिकाराच्या महाराष्ट्रातल्या नियमांनी. कायदा 2005 चा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, 30 दिवसांत उत्तर मिळेल, इथवर आप्पा खूश होते. मग 2012 मध्ये नियम आला : अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत. आप्पा कित्येक रात्री शब्द मोजत जागले. माझ्या ओळखीच्या काही लेखकांनाही सरकारने हा नियम लावावा, असं मला फार वाटतं.

2017 मध्ये आमच्याकडे चार सदस्यांचा प्रभाग झाला. अ, ब, क, ड. मत चौघांना द्यायचं आणि काम कुणाला सांगायचं, ते नंतर कळवण्यात येईल. 'अ' म्हणायचे, पथदिवे 'क' बघतात. 'क' म्हणायचे, तो खांब 'ब'च्या हद्दीत येतो. 'ब' म्हणायचे, खांब माझा आहे, पण दिवा त्यांचा. आप्पांनी चारही ठिकाणी पोच घेतली आणि चारही पोचांच्या झेरॉक्स चौघांना पाठवल्या. त्यांचीही पोच घेतली.

'ड'ची जागा महिलांसाठी राखीव होती. निवडून ताई आल्या होत्या, खुर्चीत यजमान बसायचे. यजमानांनी सराईतपणे पेन काढलं. आप्पांनी दुसरी प्रत मागे ओढली. "माफ करा, पोच निवडून आलेल्या माणसाची लागते. तुम्हाला आम्ही मत दिलेलं नाही." यजमान आधी हसले, मग चिडले, मग फोनवर बोलत असल्याचं नाटक करू लागले. आप्पा बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले. शेवटी ताई स्वतः आल्या, सही केली, आणि सही करण्याआधी निवेदन वाचलं. चौघांत ते वाचणाऱ्या त्या पहिल्याच. पुढे त्या आठवड्यातून दोनदा ऑफिसात बसू लागल्या. यजमान अजून आप्पांना रस्त्यात ओळख देत नाहीत.

लोकप्रतिनिधी हमखास कुठे सापडतो, याचं आप्पांचं एक पंचांग आहे. लग्नात तो अक्षतांनंतर येतो आणि जेवणाआधी जातो. आरतीला फोटोपुरता थांबतो. हक्काने थांबतो तो फक्त दहाव्याला, कारण कावळ्यापुढे कुणाचंच चालत नाही. एका दहाव्याला असेच सगळे घाटावर ताटकळले होते. कावळा समोर बसलेला, पण पिंडाला शिवेना. मुलाने हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. नाही. बहिणीला माहेरपण करीन. नाही. मग कुणीतरी कुजबुजलं, गेलेल्या काकांचा जीव दारातल्या तुंबलेल्या चेंबरमध्ये अडकलेला असणार. सगळ्यांच्या नजरा 'अ'कडे वळल्या. 'अ' पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "काका, येत्या आठ दिवसांत चेंबरचं काम करून देतो." कावळा शिवला!

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. 'अ' वळले, तो मागे आप्पा, हातात निवेदन.

"आप्पा, आत्ता तर शब्द दिला की!"

"कावळ्याला तोंडी चालतं हो. मला लेखी लागतं."

त्यानंतर 'अ'च्या संपर्क कार्यालयाला मागच्या बाजूने एक दार पाडण्यात आलं. कारण उघड होतं. आप्पांची स्कूटर कोपऱ्यावरच खोकायला लागते. तो आवाज आला की पुढच्या बाकावरचे कार्यकर्ते 'साहेब मीटिंगला गेले' म्हणायला सज्ज होत आणि साहेब मागच्या दाराने डेअरीच्या बोळात उतरत. आप्पांनी महिनाभर अभ्यास केला आणि मग मला मदतीला घेतलं. मी नको म्हणत होतो, पण शेजारधर्म असतो. त्यांनी मला बोळात उभं केलं आणि स्वतः स्कूटर घेऊन पुढून गेले. दार उघडलं, साहेब बाहेर पडले आणि थेट माझ्या अंगावर आले. "अरे, तुम्ही इथे?" "दूध घ्यायला," मी म्हणालो. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी स्कूटर खोकली. साहेबांनी दुधाच्या क्रेटवर कागद ठेवून सही केली.

घरातही हेच. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, सगळे वहीत सह्या करतात. नातवाने सर्कशीला नेण्यासाठी अर्ज दिला, तर त्याला रीतसर आवक क्रमांक मिळाला. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "सप्तपदीची पोच घेतली होतीत का?" आप्पा आत गेले आणि विवाह नोंदणीचा दाखला घेऊन आले.

आणि मग आप्पांवर आभाळ कोसळलं. मार्च 2022 मध्ये मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा महापालिकांची मुदत संपली. त्या पंगतीत आमचंही शहर होतं. कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथली तर 2020 मध्येच संपलेली. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभाग तीनचा की चारचा हा घोळ, कोर्टाच्या तारखा. निवडणूक लांबत राहिली आणि प्रशासक आले. अ, ब, क, ड एका रात्रीत 'माजी' झाले. ऑफिसांना कुलपं लागली. एकाने तर मागच्या दाराच्या बाजूला मोबाइल दुरुस्तीचं दुकान भाड्याने दिलं.

आप्पा आमदारांकडे गेले. आमदार म्हणाले, हा महापालिकेचा विषय. आप्पा खासदारांच्या ऑफिसात गेले. तिथले सहायक म्हणाले, "आप्पा, गटार केंद्राच्या अखत्यारीत येत नाही."

"तुमचा वर्षाचा 5 कोटींचा निधी तरी येतो ना? त्यातले आमच्या प्रभागात किती खर्च झाले, तेवढं कळवा. आणि पोच."

अखेर ते महापालिकेत गेले. नागरिक कक्षात, काचेमागच्या मुलीने कागद घेतला, बटण दाबलं आणि क्षणात छापील पोच बाहेर आली. तारीख, वेळ, क्रमांक, सगळं त्यावर. शिवाय 'आपला दिवस शुभ असो'. आयुष्यभर जे मागितलं, ते न मागता मिळालं होतं. मला वाटलं, आप्पा आता पेढे वाटणार. ते गप्प होऊन घरी आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुणी पळालंच नाही हो," आप्पा म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. "'अ' पळायचा, म्हणजे त्याला भीती होती. अधिकाऱ्याची फार तर बदली होते. पडतो तो निवडून आलेलाच. ती मुलगी बिचारी पळेल कशाला? मी तिचं काय वाकडं करणार?"

पुढची जवळजवळ चार वर्षं आप्पा मलूल होते. आम्ही कट्ट्यावर रोज मुंबई-दिल्लीची सरकारं पाडत आणि उभी करत होतो. आपल्या गल्लीत निवडून आलेला माणूसच उरलेला नाही, याचा उल्लेख आमच्यापैकी एकानेही केल्याचं मला आठवत नाही. फक्त आप्पा प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं ते शोधायचे आणि प्रभागरचनेवर हरकती-सूचना मागवल्या की पहिली हरकत त्यांची असायची. पोचेसह.

याच काळात आमच्या इमारतीत भांडी घासणाऱ्या मावशींचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज अडकला. महिन्याला 1500 रुपयांचा प्रश्न. 'अर्ज आलाच नाही,' असं टेबलावरच्या माणसाने सांगितलं. अर्ज आप्पांनी लिहून दिलेला होता. त्यांनी पिशवी उघडली, पोच टेबलावर ठेवली आणि काही न बोलता उभे राहिले. अर्ज सापडला. मावशींचा आनंद सांगत बसत नाही. येताना रिक्षात आप्पा जे बोलले, ते सांगतो.

"धरणग्रस्त यायचे आमच्याकडे. पन्नास पन्नास कोसांवरून. आमचे साहेब आतून सांगायचे, कागद ठेवून घे, शिक्का मारू नको. मी ठेवून घ्यायचो. 'पोच मिळंल का, साहेब?' असं ते मला विचारायचे. मला, साहेब!"

आणि त्यांनी रिक्षावाल्याकडे भाड्याची पावती मागितली. मला त्यांचा पुन्हा राग आला, त्यामुळे बरं वाटलं.

2026 च्या जानेवारीत अखेर मतदान झालं. प्रचारात उमेदवार हात जोडून दारी येत होते. आप्पांनी प्रत्येकाच्या जाहीरनाम्याच्या प्रतीवर त्याची सही घेतली. दोघांनी फोटोसाठी समजून हसतहसत केली. निकालाच्या दिवशी कट्टा बहुमताचं गणित मांडत होता आणि आप्पा झेरॉक्सच्या दुकानात होते.

मग एका संध्याकाळी ते धापा टाकत माझ्याकडे आले. कित्येक वर्षांत चेहरा इतका उजळलेला नव्हता.

"गेलो होतो. आपल्या नव्या नगरसेवकाच्या ऑफिसला. रंगकाम चालू आहे अजून."

"भेटले का?"

"कुठले भेटतायत! मीटिंगला गेलेत म्हणाले." आप्पांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. "अहो, मागून दार ठेवलंय त्यांनी! चला, चपला घाला. तुम्ही मागे उभे राहा."